कळशी न सांडणारी गाडी

सत्तरच्या दशकाची शेवटची वर्षं होती. मी सोलापूरला तंत्रनिकेतनात मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला होते. वर्गात आम्ही दोघी मुली होतो. त्यातली दुसरी दिवाळीनंतर लग्न होऊन गेली आणि मी एकटी उरले. वडील वैरागला शाळामास्तर. मुलीला लेथ मशीन शिकवून काय करणार, असं त्यांना भावकीतल्या सगळ्यांनी एकेकदा विचारून झालं होतं. वडिलांनी माझी ट्रंक एसटीच्या टपावर चढवली आणि मला मावशीकडे आणून सोडलं.

मावशी गिरणीच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहायची. घरात घड्याळ होतं, पण ते कुणी बघत नसे. गिरणीचा भोंगा झाला की चहा, दुसरा झाला की आंघोळी. मी रोज खाकी एप्रन घालून वर्कशॉपला जायचे आणि हाताला ग्रीस लावून परत यायचे. ते हात मावशी राखेनं घासून द्यायची आणि घासताना म्हणायची, की हे शिक्षण नाही, ही कल्हईची भट्टी आहे.

ड्रॉइंगमध्ये मी वर्गात पहिली होते. हे सांगणं भाग आहे, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला. माझ्या रेषा अशा सरळ आणि बारीक यायच्या, की सर माझी शीट भिंतीवर लावून मुलांना दाखवायचे. त्यामुळे माझा असा समज झाला होता, की जे कागदावर नीट दिसतं ते जमिनीवरही नीट चालतं.

त्या वर्षी स्नेहसंमेलनाआधी नोटीस लागली, ‘यंत्रमानव स्पर्धा’. आमच्या एका तरुण सरांनी कुठल्याशा परदेशी मासिकात तसलं काही पाहिलं होतं, आणि ते आपल्या पोरांनी करून बघावं असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. नोटीस वाचून सगळ्यांना वाटलं, पत्र्याचा माणूस करायचा, त्याला डोळ्यांच्या जागी दिवे लावायचे. सरांनी वर्गात येऊन तो गैरसमज दूर केला. करायची होती एक गाडी. ती लांबून, वायरीला जोडलेल्या बटणांनी चालवायची. बॅटरी गाडीवरच ठेवायची. गाडीवर जमिनीपासून दीड फूट उंचीवर पाण्यानं काठोकाठ भरलेली कळशी. एवढं घेऊन गाडीनं वर्कशॉपच्या फरशीवरून वीस वीस इंचांच्या पाच फाटकांतून वळणं घेत जायचं, एका खांबाला पूर्ण वळसा घालायचा, दोन्हीकडे उतार असलेली विटेएवढ्या उंचीची फळी चढून उतरायची आणि शेवटच्या पांढऱ्या रेषेवर थांबायचं. किती वेळ लागला आणि कळशीत पाणी किती उरलं, यावर नंबर.

मागून कुणीतरी विचारलं, की सर, यात मानव कुठे आहे. सर म्हणाले, बटणं दाबायला.

तिघातिघांचे गट करायचे होते आणि मला गटात घ्यायला कुणी पुढे येईना. माझ्याशी भांडण नव्हतं, पण मुलीबरोबर संध्याकाळपर्यंत वर्कशॉपमध्ये थांबायचं म्हणजे बाकीच्यांची चेष्टा सोसायची. शेवटी सरांनी चिठ्ठ्या टाकल्या. माझ्या वाट्याला आलेल्या दोघांपैकी एक पूर्व भागातला होता, विणकराच्या घरातला. घरी ते तेलुगू बोलत. घरातच चार यंत्रमाग होते आणि त्यांच्या मोटारी दुरुस्त करत तो लहानाचा मोठा झालेला, त्यामुळे वायरींचं काम त्याला आमच्या शिक्षकांपेक्षा जास्त येत होतं. दुसरा करमाळ्याजवळच्या एका वस्तीवरचा, शेतकऱ्याचा मुलगा. वसतिगृहात राहायचा, फारसं बोलायचा नाही. बोलला की ‘हाय’, ‘न्हाय’, ‘कुटं’, ‘तितं’, आणि मुलं हसायची. मीही हसले होते, एकदोनदा. वैरागच्या शाळेत मी ‘हाय’ म्हटलं की वडिलांनी हातावर पट्टी मारलेली, म्हणून मला ते आपलं वाटण्याऐवजी चुकीचं वाटायचं.

त्या काळी वर्गातली मुलं-मुली एकमेकांना अहो-जाहो करत. आम्हीही करायचो, अगदी भांडतानाही.

गाडीचं चित्र मी काढायचं हे कुणी न ठरवताच ठरलं. मी ट्रकसारखी गाडी काढली. लांबी अडीच फूट, रुंदी दहा इंच, चार कोपऱ्यांना चार चाकं. विणकरांच्या मुलानं मोडीच्या बाजारातून ट्रकच्या वायपरच्या दोन मोटारी मिळवल्या. त्या हळू फिरतात आणि ओढतात भरपूर. मागच्या दोन चाकांना एकेक मोटार, पुढची दोन चाकं नुसती. चाकं आम्ही लाकडाची कातली आणि त्यांवर ट्यूबच्या रबराच्या पट्ट्या चढवल्या. डावीकडे वळायचं असेल तर डावी मोटार बंद करायची, उजवी चालू ठेवायची. कागदावर ते इतकं सुंदर दिसत होतं, की मी शीटला चौकट आखली.

करमाळ्याचा मुलगा शीटकडे बराच वेळ बघत उभा राहिला. मग म्हणाला, “ही वळायची न्हाय.”

मी विचारलं, का. तो म्हणाला, की पुढची चाकं सरळ बघतात आणि तुम्ही गाडीला आडवं जा म्हणताय. ती फरफटत जाणार. आमच्याकडं बैलगाडीला दोनच चाकं असतात आणि ती मधे असतात.

“ही बैलगाडी नाही,” मी म्हणाले, “यंत्र आहे.”

त्यानं कानस उचलली. विणकरांच्या मुलानं एकदा त्याच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं आणि वायर सोलायला घेतली. आज मला त्या उत्तराची लाज वाटते. त्या दिवशी मात्र आपण फार चोख बोललो असं वाटलं होतं.

गाडी तयार झाली. सरळ ती झकास गेली. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग मी डाव्या मोटारीचं बटण सोडलं. गाडीनं कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडावा तसा आवाज केला. मागचं चाक ढकलतंय, पुढची चाकं हटून बसलीत, आणि सगळी गाडी थरथरत तिरकी सरकतेय. फरशीवर रबराचे काळे ओरखडे उठले. हातभर वळली असेल नसेल, तोवर फ्यूज उडाला. नवा घातला, तोही उडाला. वर्कशॉपचे मास्तर आले, त्यांनी गाडीकडे न बघता फरशीकडे बघितलं आणि आम्हाला रॉकेल आणि चिंध्या दिल्या. संध्याकाळपर्यंत आम्ही तिघं उकिडवे बसून फरशी पुसत होतो.

पुसता पुसता मला कारण कळलं. पुढची चाकं मागच्या चाकांपासून जेवढी लांब, तेवढी वळताना जास्त आडवी घसटावी लागतात. म्हणजे माझी ऐटबाज लांबीच आडवी आली होती. हे करमाळ्याच्या मुलानं सांगितलं होतं, तेच. पण तसं म्हणायला माझी जीभ रेटेना. मी म्हणाले, की पुढची दोन चाकं काढून एकच लावू, मधोमध, स्वतःभोवती फिरणारं. तसल्या चाकांना आम्ही फिरकी चाकं म्हणायचो. विणकरांच्या मुलानं सुताच्या मोडक्या ढकलगाडीची दोन फिरकी चाकं आणली. त्यातलं एक आम्ही लावलं, गाडी आखूड केली, आणि ती खरोखर वळायला लागली. भोवऱ्यासारखी वळायची. इतर गटांची मुलं बघायला आली. मला वाटलं, झालं, जिंकलो.

तोवर आम्ही कळशी ठेवली नव्हती.

कळशी मावशीची होती, पितळेची, तिच्या लग्नातली. सोलापुरात पाणी म्हणजे काय हे सोलापूरच्या माणसालाच विचारावं. नळाला पाणी यायचं त्या वेळेला गल्लीत लोक देवदर्शनाला उभं राहावं तसे उभे राहायचे. कळशीभर पाणी खेळायला न्यायचं म्हटल्यावर मावशीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी सांगितलं, की सांडणार नाही, हीच तर परीक्षा आहे. ती म्हणाली, की पितळेची आहे, जपून आण.

सर मुद्दाम बघायला आले होते. मी फुशारकीनं गाडी जोरात सोडली आणि पहिल्याच वळणाला कचकन डावीकडे वळवली. गाडी वळली. कळशीनं मात्र पुढे-उजवीकडे झुकायचं ठरवलं, आणि त्या कोपऱ्यात तिला आधार द्यायला चाकच नव्हतं. मागचं डावं चाक जमिनीवरून उचललं गेलं, सगळी गाडी एका अंगावर कलंडली आणि कळशी घरंगळत जाऊन सरांच्या पायाशी थांबली. पाणी सरांच्या बुटांत. कळशीला एक चांगला हाताच्या अंगठ्याएवढा पोचा.

सर वाईट वाटून घेणारे नव्हते. त्यांनी बूट काढून उलटे केले आणि तिथंच फरशीवर ओल्या बोटानं त्रिकोण काढला. तीन चाकं म्हणजे तीन कोपरे, म्हणाले. वजन त्रिकोणाच्या आत आहे तोवर गाडी उभी. पुढं तुमचा त्रिकोण निमुळता होतो. वळताना वजन बाहेरच्या बाजूला जातं, आणि ते त्या निमुळत्या बाजूनं बाहेर पडलं की संपलं. चार कोपऱ्यांत चाकं लावली तेव्हा कलंडत नव्हती, पण वळतही नव्हती. आता वळते, पण उभी राहत नाही. दोन्ही कसं साधायचं ते तुम्ही शोधा.

मावशीला पोचा दाखवला. त्या रात्री आमटीत मीठ जरा जास्त होतं, एवढंच.

मधे एक आठवडा गेला. आम्ही भांडलो. विणकरांच्या मुलाचं म्हणणं, बॅटरी खाली, अगदी जमिनीलगत टांगू, म्हणजे वजन खाली येईल. ते बरोबर होतं आणि आम्ही ते केलंही, पण त्यानं अर्धंच काम झालं. करमाळ्याचा मुलगा सांगितलेली कामं करायचा. कानस मारा म्हटलं की मारायचा, भोक पाडा म्हटलं की पाडायचा. स्वतःहून मात्र बोलत नव्हता. तो का बोलत नाही हे मला ठाऊक होतं.

त्याच सुमाराला वर्गाची सहल निघाली, श्रीपूरच्या साखर कारखान्याला. गाळप जोरात चालू होतं. आत मोठमोठे लोखंडी रूळ ऊस चिरडत होते, वाफ, गोड वास, कानठळ्या बसवणारा आवाज. आम्ही वहीत रुळांचे व्यास लिहून घेतले. बाहेर आलो तर आमची बस अजून यायची होती. आवारात ऊसगाड्यांची ही रांग. कुठं बैल सोडलेले, कुठं ट्रॅक्टर, मधे जेमतेम गाडी जाईल एवढी वाट.

तेवढ्यात रांगेत काहीतरी अडलं. पुढच्या ट्रॅक्टरनं वाट धरली होती आणि एका भरलेल्या बैलगाडीला वळून दुसऱ्या वजनकाट्याकडे जायचं होतं. गाडी हाकत होती एक बाई. चाळिशीची असेल. डोक्याला फडकं, काष्ट्याचं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. नवरा मागच्या गाडीवर होता. मला वाटलं, ही आता नवऱ्याला हाक मारणार. तिनं हाक मारली नाही. कासरा ओढून डावा बैल जागेवर धरला आणि उजव्याला चुचकारलं. उजवा बैल पावलापावलानं अर्धवर्तुळ चालला. गाडीचं डावं चाक एकाच जागी रुतून राहिल्यासारखं फिरलं, उजवं चाक त्याच्याभोवती गेलं, आणि एवढी टनभराची गाडी आपल्याच लांबीत वळून उलट्या तोंडानं उभी राहिली. वरचं एक कांडंसुद्धा हललं नाही.

मी जागची हलले नाही. शेजारी करमाळ्याचा मुलगा उभा होता. तोही बघत होता, पण त्याच्यासाठी त्यात नवल काही नव्हतं.

गाडी आमच्या पुढ्यात थांबली, तेव्हा मी त्या बाईंकडे गेले आणि विचारलं, की मावशी, एवढी गाडी इतक्या सहज कशी वळली. त्यांनी माझा एप्रन बघितला, वही बघितली. त्यांना वाटलं मी कारखान्याची कुणी आहे आणि गाडीत काही खोट काढणार आहे. करमाळ्याच्या मुलानं पुढं होऊन सांगितलं, की बाई शिकाऊ आहेत, खरंच इचारत्यात. मग त्या खाली उतरल्या. गाडीमागं जाऊन त्यांनी दोन मोळ्या ओढून पुढं सरकवल्या आणि हात झटकत दोन चाकांमधल्या लोखंडी आसावर थाप मारली.

“वजन हितं पायजे,” त्या म्हणाल्या. “मागं जास्त झालं की गाडी उलाळ हुती, बैल वर उचलत्यात, गळ्याला फास बसतो. फुडं जास्त झालं की जनावराची मान मोडती. मधी बसवलं की वझं चाकं घेत्यात. बैलानं नुसती वाट दावायची.”

मी विचारलं, की आणि बाजूला कलंडत नाही. त्या म्हणाल्या, की चाकं लांब लांब हायती की, कलंडंल कशी. बांधावरून नेली तर कलंडंल. मग कुणी बांधावरून न्यायचीच कशाला.

पुढची गाडी हलली आणि त्या चढून निघून गेल्या. जाताना त्यांनी मला उसाचं एक कांडं दिलं. बसमध्ये ते मी मांडीवर धरून बसले होते. करमाळ्याचा मुलगा पुढच्या बाकावर होता. माझ्या मनात त्याला काय म्हणावं याची जुळवाजुळव मोहोळ येईपर्यंत चालली. शेवटी मी वाकून त्याला म्हणाले, “तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतंत. मी ऐकलं नाही. माझं चुकलं.”

तो वळला. म्हणाला, “व्हय.” आणि मग, “पर आपल्या गाडीला बैल न्हाईत. फुडं-मागं टेकू लागंल.”

मग मी वही उघडली, आणि त्या खडखडणाऱ्या बसमध्ये तो सांगत गेला, मी काढत गेले. रेषा इतक्या वेड्यावाकड्या आल्या, की सरांनी ती शीट भिंतीवर कधीच लावली नसती.

मोटारीची दोन चाकं आम्ही बरोब्बर मधे घेतली आणि कळशी त्यांच्या आसाच्या थेट वर. एक चाक पुढं, एक मागं फिरवलं, की गाडी जागच्या जागी वळायची आणि कळशी कुठंच न जाता नुसती स्वतःभोवती फिरायची. तीन चाकांच्या गाडीत कळशी चाकांच्या पुढं होती, त्यामुळे प्रत्येक वळणाला तिला बाजूला फेकल्यासारखं व्हायचं. ते थांबलं. टेकूला दोन फिरकी चाकं लावली, एक पुढं, एक मागं. चाकांमधलं अंतर वाढवून अठरा इंच केलं. फाटकं वीसची, म्हणजे दोन्हीकडं एकेक इंच मोकळा. गाडीचे चारही कोपरे करवतीनं उडवले, नाहीतर जागच्या जागी वळताना ते फाटकाला अडकले असते. गाडी वरून जात्याच्या तळीसारखी दिसायला लागली.

पण फळीनं घात केला. फळीच्या पायथ्याशी पुढचं फिरकी चाक चढायचं, मागचं खाली असायचं, गाडी त्या दोघांवर पुलासारखी तोलायची आणि मधली, ओढणारी चाकं अधांतरी गरगर फिरायची. यावर विणकरांच्या मुलानं उपाय काढला. त्याच्या घरी मागाखाली पाचर ठोकून पातळी साधतात, तसं त्यानं मधल्या चाकांच्या आसावर वॉशर घालून ती खाली घेतली. किती घ्यायची यावर दोन दिवस गेले. दोन सूत घेतली तर गाडी झोपाळ्यासारखी पुढं-मागं डुलायची आणि सुटतानाच पाणी हिंदकळायचं. एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, घेतली तर फळी चढायची. पण थोडं डुलणं राहिलंच. मग बॅटरी आसाच्या जरा मागं सरकवली, म्हणजे गाडी कायम मागच्या टेकूवर रेलून राहील आणि पुढचा टेकू जेमतेम अधांतरी. फळी आली की तोच पुढं होऊन भार घेणार. करमाळ्याचा मुलगा हसून म्हणाला, की हे उलाळ गाडीचंच झालं, पण बैलच नाहीत तर फास कुणाला बसणार.

सरावाला मी मावशीच्या अंगणातून पाणी आणलं, आणि सराव संपल्यावर तेच पाणी परत नेऊन दाखवलं. वाटीभर कमी होतं. मावशीनं ते तुळशीला घातलं.

स्पर्धेच्या दिवशी वर्कशॉपमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पहिल्या वर्षाच्या मुलांनी खरोखर पत्र्याचा माणूस आणला होता, छातीवर दिवे आणि डोक्यावर कळशी. त्याची चाकं टाचांखाली, अगदी जवळजवळ. तो दोन फाटकं मोठ्या रुबाबात गेला आणि तिसऱ्याला पाहुण्यांना नमस्कार करावा तसा पुढं वाकत वाकत आडवा झाला. टाळ्या सगळ्यांत जास्त त्यालाच पडल्या. एका गटानं ट्रकसारखी लांब गाडी केली होती. ती खांबाला वळसा घालायला लागली तसा तो ओळखीचा आवाज आला, आणि आम्ही तिघांनी एकदमच फरशीकडे पाहिलं. शेवटच्या वर्षाच्या मुलांची गाडी बसकी, रुंद, हळू होती. घाई न करता ती शेवटपर्यंत गेली आणि पाणीही बरंच राखलं.

आमच्यात बटणं कुणी धरायची हा प्रश्न होता. मी करमाळ्याच्या मुलाला म्हणाले, तुम्ही धरा. तो म्हणाला, “चित्र तुमचं, बटणं तुमी धरा. मी अंतर सांगतो.” विणकरांच्या मुलानं वायरीची गुंडाळी हातात घेतली आणि गाडीमागं चालायचं ठरलं.

गाडी सुटली. पहिलं फाटक, दुसरं, तिसरं. करमाळ्याचा मुलगा माझ्या कानाशी हळू आवाजात सांगत होता, थांबा, आता वळा, आता सरळ. पाचही फाटकं गेली. खांबाला वळसा झाला. फळीच्या पायथ्याशी गाडीनं क्षणभर विचार केल्यासारखं केलं, पुढचा टेकू टेकला आणि ती चढली. उतरली. कळशीच्या काठावरून पाण्याचा एक ओघळ खाली आला, बस. समोर पांढरी रेषा, पाचसहा हात. मुलं बघत होती आणि मी त्यांना बघताना पाहिलं.

तिथं माझं डोकं फिरलं. मला वाटलं, यांना दाखवावं ही कशी वळते. मी एक मोटार पुढं, एक मागं केली आणि गाडीला जागेवर एक गिरकी दिली. लोक ओरडले. म्हणून दुसरी दिली. मग तिसरी. कळशी शांतपणे फिरत होती. आणि वायर तिच्या खालच्या मचाणाच्या खांबांना वटपौर्णिमेच्या दोऱ्यासारखी गुंडाळली जात होती. विणकरांच्या मुलानं मागून दोनदा सांगितलं, की थांबा, पण तो हळू बोलणारा माणूस. तिसऱ्या गिरकीला वायर ताणली गेली आणि माझ्या हातातल्या बटणांच्या पेटीतून उपटून निघाली. गाडी रेषेपासून पाच हातांवर गपकन थांबली.

हात लावला तर गुण कापले जाणार होते, न लावून चालणार नव्हतं. ते दोघं धावले. एकानं वायर सोडवली, दुसऱ्यानं पेटीत परत जोडली. मी कानाच्या पाळीपर्यंत लाल होऊन उभी होते. मग गाडी सरळ, नाकासमोर, रेषेवर नेऊन थांबवली. कळशी मोजली तेव्हा आमच्याएवढं पाणी कुणाचंच उरलं नव्हतं. पण वेळ आणि कापलेले गुण धरून पहिला नंबर शेवटच्या वर्षाला गेला, आमचा दुसरा.

मी दोघांची माफी मागितली. विणकरांचा मुलगा म्हणाला, की वायरीच्या टोकाला फिरती जोडणी लावायला हवी होती, ते माझं राहिलं. करमाळ्याचा मुलगा म्हणाला, की जत्रेत बैलजोडी जिंकली की आमचे लोकबी असंच करत्यात, आन् मंग गाडी वढ्यात घालत्यात.

बक्षीस समारंभात पाहुण्यांनी विचारलं, की ही मधल्या चाकांची कल्पना कोणत्या पुस्तकातली. मी करमाळ्याच्या मुलाकडे हात करून सांगितलं, की पुस्तकातली नाही, ती ह्यांची आहे, आणि श्रीपूरच्या आवारात एका ऊसतोड करणाऱ्या बाईंनी ती मला पटवून दिली. पाहुणे हसले, त्यांना तो विनोद वाटला. सर हसले नाहीत, त्यांनी करमाळ्याच्या मुलाला पुढं बोलावून घेतलं. त्यानं माईकपुढं उभं राहून बैलगाडीचं सगळं सांगितलं, ‘हाय-न्हाय’ सकट, आणि या वेळी कुणी हसलं नाही. मी तर वही काढून बसले होते.

दुसऱ्या दिवशी रविवार. विणकरांच्या मुलाच्या आईला गाडी बघायची होती, म्हणून आम्ही ती सायकलच्या कॅरियरला बांधून पूर्व भागात नेली. एका लांब खोलीत चार माग धडधडत होते, त्यांच्यामधे जेमतेम एक माणूस जाईल एवढीच वाट. आईंनी माग बंद केले आणि लुगड्याला हात पुसत पुढं आल्या. आम्ही कळशीचं मचाण काढून टाकलं आणि गाडीवर सुताच्या कांड्यांची टोपली ठेवली. करमाळ्याच्या मुलानं बटणं घेतली. गाडी त्या वाटेनं गेली, टोकाला जागच्या जागी वळली आणि टोपली घेऊन परत आली. आई तेलुगूत काहीतरी म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मुलगा सांगायला तयार होईना. फार आग्रह केल्यावर म्हणाला, की आई म्हणते, ही सून चांगली आहे, न बोलता काम करते.

त्यांनी पुन्हा माग चालू केले, आमच्यासमोर पोह्यांच्या बशा ठेवल्या आणि गाडीला दुसऱ्या टोपलीसाठी पाठवलं. ती तीनदा गेली आणि आली. चौथ्यांदा बॅटरी उतरली आणि ती दोन मागांच्या मधोमध थांबून राहिली. आम्ही खाणं सोडून उठलो आणि तिघांनी मिळून तिला उचलून बाहेर आणलं.